स्वस्तातलं मॅच पिस्तूल आणि चंदेरी स्टिकर

मुलांसाठी जुनं एअर पिस्तूल घ्यायला निघालेल्या पालकांनी नळी, रंग, ग्रिप, डबा हे सगळं नंतर बघावं. आधी नळीखालचं हवेचं सिलिंडर काढून हातात घ्यावं आणि त्यावर कोरलेली मुदतीची तारीख वाचावी. विकणारा वाचू देत नसेल तर चहा संपवून उठावं. आम्हाला ज्या गृहस्थानं ८५ हजारांची टोपी घातली त्याचा धंदा त्या तारखेवर चिकटवलेल्या एका स्टिकरवर चालतो. परवापर्यंत तरी चालू होता, म्हणून हे लिहितोय. त्याचं नाव आणि गाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढं आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय. पिस्तूल युरोपातल्या एका नामांकित कंपनीचं होतं आणि ते खरंच त्याच कंपनीचं होतं. त्यांचा यात काही दोष नाही, म्हणून तेही नाव राहू दे.

मुलगी १० मीटर एअर पिस्तूल खेळते. आमच्या सांगली-कोल्हापूरकडं तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबतमुळं नेमबाजी घराघरांत माहीत होतीच, पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनं सगळं बदललं. मनू भाकरनं याच प्रकारात ब्राँझ घेतलं, सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिकमध्ये दुसरं घेतलं आणि त्याच आठवड्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये तिसरं आणलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मग काय, रेंजवर लेन मिळेना. पोरं वाढली तशी पिस्तुलांची मागणी वाढली, आणि मागणी वाढली की मधले दलाल उगवतातच.

क्लबचं पिस्तूल पाचजणांत फिरतं. त्याची ग्रिप कुणाच्याच हाताला नीट बसत नाही, आणि या खेळात ग्रिप म्हणजे अर्धा खेळ. टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. ७५ मिनिटांत ६० शॉट्स, एका हातानं, उभं राहून. मनगट दरवेळी तिथंच बसलं नाही तर सराव पाण्यात. त्यामुळं स्वतःचं पिस्तूल हवंच होतं. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्डिनी यांतलं कुठलंही नवं घ्यायचं तर आम्हाला सांगितले गेलेले आकडे दोन लाखांच्या आगेमागे. मुलीच्या सरांनी दोन वाटा सुचवल्या: हॅमर्लीचं एपी २० हे हलकं, साधं, नवशिक्यांसाठीचं मॉडेल, नाहीतर चांगल्या कंपनीचं वापरलेलं. वापरलेलं घेणार असाल तर आधी मला दाखवा, असंही ते म्हणाले होते. विकणाऱ्यानं नेमकं तेच होऊ दिलं नाही. "साहेब, सरांना विचारत बसाल तर जाईल, सोलापूरची पार्टी उद्या येतेय." सोलापूरच्या त्या पार्टीबद्दल पुढं येतंच.

गडी बोलायला गोड. राष्ट्रीय पातळीवर खेळलोय म्हणायचा. मला साहेब, बायकोला वहिनी आणि मुलीला थेट "चॅम्पियन". परवान्याची भीती घालून ती स्वतःच दूर करायची ही त्याची पहिली चाल. खरी गोष्ट अशी की ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला आपल्याकडं शस्त्रपरवाना लागत नाही, आणि मॅच पिस्तुलाची, म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलाची, ऊर्जा या मर्यादेच्या निम्म्यापेक्षाही कमी असते. ओळखपत्राची प्रत आणि पक्कं बिल मात्र घ्यायला हवं. हा माणूस "एनओसी माझ्या ओळखीनं करून देतो" म्हणत साडेतीन हजार वेगळे काढतो. कसली एनओसी, कुठल्या कार्यालयाची, ते त्याच्या पावतीवर कुठंच नाही. कुणी एअर पिस्तुलाच्या परवान्यासाठी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरावं.

दुसरी चाल टेस्ट कार्डाची. मॅच पिस्तुलाबरोबर कारखान्यातलं एक छोटं टार्गेट येतं. पिस्तूल पक्कं बांधून पाच शॉट्स मारलेले असतात, पाचही एकाच भोकातून गेलेले दिसतात, आणि शेजारी त्या पिस्तुलाचा अनुक्रमांक असतो. त्यानं त्या कार्डाचा फोटो पाठवला. सुरेख भोक, कोपऱ्यात चहाचा अर्धगोल डाग. मूळ कार्ड "घरी लॅमिनेट करून ठेवलंय, कुरिअरनं पाठवतो." ते कधीच आलं नाही. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा कार्डावरच्या आकड्याचे शेवटचे दोन अंक आमच्या पिस्तुलावरच्या अंकांशी जुळत नव्हते. पुढं एका स्पर्धेत सोलापूरचे एक पालक भेटले. त्यांच्या मोबाइलमध्येही तेच कार्ड, तोच चहाचा डाग. त्यांचं पिस्तूल तर वेगळ्याच कंपनीचं! आमच्या व्यवहाराच्या वेळी "उद्या येणारी पार्टी" म्हणजे हेच, आणि त्यांना सांगितलेली उद्याची पार्टी सांगलीची.

आता सिलिंडर. आजची बहुतेक मॅच पिस्तुलं दाबलेल्या हवेवर चालतात. नळीखाली बोटभर जाडीचं सिलिंडर असतं, त्यात २०० बारपर्यंत हवा भरतात (बार हे दाबाचं माप). गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असते, म्हणजे साधारण शंभरपट, आणि तेही चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. म्हणून कंपन्या सिलिंडरला मुदत घालतात, बऱ्याच जणांची ती दहा वर्षांची असते, आणि तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते. मुदत संपलेलं सिलिंडर मॅचला चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियमात ती जबाबदारी खेळाडूवर टाकलेली आहे आणि इक्विपमेंट कंट्रोलवाले, म्हणजे स्पर्धेत साहित्य तपासणारे, ती तपासू शकतात. जुन्या बाजारात पिस्तूल स्वस्त मिळतं त्यामागं बहुधा हेच कारण असतं. पिस्तूल उत्तम असतं, सिलिंडर मेलेलं असतं. तसं सांगून, नव्या सिलिंडरची किंमत वजा करून विकलं तर त्यात गैर काही नाही. आमच्या विकणाऱ्याचं कसब ते न सांगण्यात होतं.

सिलिंडरवर चंदेरी स्टिकर होतं, कडा गोल कापलेल्या, त्यावर 'सर्व्हिस्ड, प्रेशर टेस्टेड', खाली ताजी तारीख आणि कुणाचीतरी सही. इतकं नीटनेटकं की कंपनीनंच लावलंय असं वाटावं. मुलीच्या घामट हातानं त्याचा एक कोपरा सुटला. मी नखानं पुढं सोलत गेलो. खाली धातूत बनावटीचं साल होतं, २००९. शेजारी मुदतीचा आकडा असावा, पण त्या जागी पॉलिश पेपर मारल्यासारखे आडवे ओरखडे. विकणाऱ्यानं साल ठेवलं आणि मुदत घासून काढली. बहुधा साल जरा खोल कोरलेलं असल्यामुळं ते गेलं नसावं.

त्याआधीच पिस्तूल कुरकुरायला लागलं होतं. रात्री १८० बार भरून ठेवलं की सकाळी दाबाचा काटा १२० च्या खाली. सुरुवातीचे शॉट्स ठीक, मग ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा झुबका, हळूहळू खाली सरकायचा. मुलगी बिचारी स्वतःच्या मनगटाला दोष देत नेम धरायची साइट वर-खाली करत बसायची. सरांनी एकदा भरलेल्या सिलिंडरवर टेबलाच्या आधारानं शॉट्स मारून पाहिले आणि दोन मिनिटांत म्हणाले, "पोरीचं काही चुकत नाहीये. सील गेलंय, रेग्युलेटरही धड नाही." विकणाऱ्याला फोन केला तर त्यानं उलटं आमच्यावरच ढकललं: हातपंपानं ओलसर हवा भरली असेल, वॉरंटी संपली. हातपंपानं ओल जाते हे खरं आहे. म्हणूनच ही सबब बेमालूम खपते. लगेच पुढचा गळ: "नवं सिलिंडर जर्मनीहून मागवून देतो, १८ हजार, निम्मे आगाऊ." आगाऊ दिलेल्यांना पुढं काय सांगितलं जातं तेही सोलापूरकरांकडून कळलं. माल कस्टममध्ये अडकलाय, आणखी सात हजार भरा. त्यांनी भरले. सिलिंडर आलं, तेही स्टिकर लावलेलं.

शेवटचा धोंडा जिल्हा स्पर्धेत पडला. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम ओढ लागते. तपासणीत पिस्तूल उभं धरून ट्रिगरला तेवढं वजन अडकवतात आणि वर उचलतात, ट्रिगरनं ते पेललं पाहिजे. विकताना याच ट्रिगरचं कौतुक "लोण्यासारखा" असं झालं होतं. वजन जमिनीवरून सुटायच्या आधी ट्रिगर सुटला. पुन्हा संधी मिळाली, पुन्हा तेच. ओढ वाढवायचा स्क्रू फिरवला तर तो नुसताच फिरत राहिला. ड्यूटीवरचे पंच सज्जन होते, म्हणाले, "ताई, हे आत नेता येणार नाही, दुसरं कुणाचं आहे का बघ." मैत्रिणीचं मागून घेतलं, तिची ग्रिप मोठी. स्कोअर काय आला ते सांगण्यासारखं नाही. पुढं जाणकार मेकॅनिककडं उघडून घेतलं तेव्हा आतली स्प्रिंग पक्कडीनं तोडलेली निघाली. चाचपून बघणाऱ्या नवख्या पालकाला मऊ ट्रिगर भारी वाटतो, त्यासाठीच तोडलेली.

वापरलेलं पिस्तूल घ्यायला हरकत नाही, हे मी अजूनही म्हणतो. भारतात नेमबाजी वाढली तीच असल्या हातोहात फिरलेल्या पिस्तुलांवर. पण सौदा विकणाऱ्याच्या हॉलमध्ये करू नका, रेंजवर करा, आणि स्वतःच्या सरांना सोबत न्या. सिलिंडर भरून एक रात्र तसंच ठेवायला सांगा आणि सकाळी काटा बघा. भरलेल्यापासून अगदी खालच्या दाबापर्यंत सलग शॉट्स मारून ग्रुप घसरतो का ते पाहा. ५०० ग्रॅमचं वजन कुठल्याही क्लबात असतं, ते सोबत न्या. पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसतं का हेही तपासून घ्या, कारण काही जण ग्रिपला पुट्टी लावून फुगवून ठेवतात. ग्रिप डाव्या हाताची की उजव्या हाताची, लहान की मोठी, हे आधी विचारा. नवी ग्रिप स्वस्त नसते. त्या कंपनीचं सिलिंडर आज मिळतं का, हे विकणाऱ्याला नाही, दुसऱ्याच एखाद्या आयातदाराला फोन करून विचारा. मॉडेल बंद होऊन वर्षं झाली असतील तर सुंदर पिस्तूल घरात निव्वळ पडून राहतं. कार्बन डायऑक्साइडवर चालणारी जुनी मॉडेल्स फार स्वस्तात दाखवली जातात. गॅस भरून मिळायची मारामार, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात दाब बदलतो तसा शॉटही बदलतो, म्हणून ती नकोतच. त्यापेक्षा एका दट्ट्यात हवा दाबणारं जुन्या पद्धतीचं पिस्तूल बरं. त्यात सिलिंडरच नाही, तर मुदत कुठून संपणार?

आणि बिल. बिलावर मॉडेल, अनुक्रमांक आणि 'मॅचसाठी योग्य' हे शब्द लिहून घ्या. बिल नको तर पाच हजार कमी, असं कुणी म्हणालं तर ते पाच हजार सगळ्यात महागात पडतात. आमच्याकडं बिलाच्या नावानं लेटरहेडवरची चिठ्ठी आहे, पण पैसे यूपीआयनं गेलेत आणि त्याचे सगळे मेसेज जपून ठेवलेत, तेच आता कामाला येताहेत.

तक्रारीचं सांगतो, कारण बरेच जण इथंच सोडून देतात. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी नोंद घेतली पण वस्तू प्रत्यक्ष हातात मिळालीय म्हणून स्थानिक पोलीस ठाण्यात जायला सांगितलं. ठाण्यात "ही दिवाणी बाब आहे" हे ठरलेलं वाक्य ऐकलं. अर्ज तरी द्या आणि पोच घ्या, पुढं ती लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मात्र नीट मार्गदर्शन मिळालं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. विकणारा धंदा म्हणूनच विकतो, एकदाच घरची वस्तू विकलेला माणूस नाही, हे दाखवावं लागतं. त्यासाठी सोलापूरकरांचं शपथपत्र जोडलंय, आणि तेच चहाचा डाग असलेलं कार्ड दोन वेगळ्या पिस्तुलांसाठी पाठवल्याचे फोटोही. मेकॅनिकचा लेखी अभिप्राय आणि तपासणीत पिस्तूल नापास झाल्याची नोंदही आहे. सोललेलं स्टिकर पाकिटात ठेवलंय.

नोटीस गेल्यावर त्याचा फोन आला, आवाजातला गोडवा तसाच. निम्मे पैसे घ्या आणि तक्रार मागे घ्या. आम्ही लेखी द्या म्हटल्यावर गप्प. मग त्याच्या वकिलाचं उत्तर आलं. पिस्तूल 'संग्रहासाठी, शोभेची वस्तू म्हणून' विकलं होतं आणि खरेदीदारांना त्याची पूर्ण कल्पना होती, असं त्यात म्हटलंय. व्यवहाराच्या आदल्या रात्रीचा त्याचा मेसेज आम्ही पुरवणीत जोडला: "वहिनींना सांगा, चॅम्पियन यावर स्टेट खेळणार." पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.