पार्मा की पेस्तुम? इटलीत चीज बनताना बघायचं आणि तिथंच जेवायचं असेल तर

इटलीला निघालेलं कोणी ना कोणी दर उन्हाळ्यात विचारतंच: "एक दिवस मोकळा आहे. चीज बनतं ते बघायचंय, तिथंच जेवायचंय. कुठं जाऊ?" मी उलट विचारते, सकाळी किती वाजता उठता?

पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे पार्माकडचं कडक चीज, बनताना बघायचं तर गजर लावावा लागतो. पार्माला मी दोनदा गेले ती हौस म्हणून नव्हे. पहिल्या वेळी बोलोन्यात निवांत नाश्ता करून निघालो आणि अकराच्या सुमारास डेअरीत पोचलो. तोवर तांब्याच्या कढया धुवून लखलखीत झाल्या होत्या आणि एक जण फरशीवर पाणी मारत होता. आम्ही कोठार बघितलं, तीन तुकडे खाल्ले आणि फेरीचे पैसे पूर्ण मोजले. दुसऱ्या वेळी आदल्या रात्री पार्मातच मुक्काम केला आणि सकाळी आठला, डोक्याला जाळीची टोपी आणि बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून, कढईपाशी हजर झालो.

संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट हौदात ठेवतात, वर आलेली साय काढून घेतात आणि सकाळचं ताजं दूध त्यात मिसळतात. कढईचा आकार उलट्या घंटेसारखा, आणि एका कढईत हजार लिटरच्या वर दूध. आदल्या दिवशीची आंबवलेली निवळी हेच विरजण. मग रेनेट, म्हणजे दूध थिजवणारं द्रव्य, घातलं की बघता बघता दूध थिजतं. ते मोडायला 'स्पिनो' नावाची भली मोठी रवी असते, आपल्या रवीची थोरली बहीण म्हणा. तिनं घुसळून तांदळाच्या दाण्याएवढे कण करतात आणि 55 अंशांपर्यंत तापवतात. मधूनच कासारो, म्हणजे चीज करणारा मुख्य कारागीर, कोपरापर्यंत हात घालून मूठभर कण काढतो, दाबतो, पुन्हा कढईत सोडतो. घड्याळ भिंतीवर होतं, पण त्याच्याकडे तो बघत नव्हता.

कण तळाशी बसून त्यांचा एकच गोळा झाला की दोघं जण लाकडी फळीनं तो उचलतात, कापडात बांधतात आणि आडव्या दांडीला टांगतात. श्रीखंडाचा चक्का टांगलेला ज्यानं पाहिलाय त्याला ओळख पटायला वेळ लागत नाही, फक्त हा चक्का माणसाच्या वजनाचा. सुरीनं त्याचे दोन भाग करतात, त्यांना जुळे म्हणतात. चीजच्या एकेका गोल चाकाला साधारण 550 लिटर दूध लागतं आणि तयार चाक भरतं 40 किलोच्या आसपास. पुढे सुमारे तीन आठवडे मिठाच्या पाण्यात आणि मग कमीत कमी 12 महिने फळीवर.

हे कोठार मात्र उशिरा पोचलात तरी बघायला मिळतं, आणि तेही थोडंथोडकं नाही. जमिनीपासून छतापर्यंत चाकंच चाकं. वर्ष भरलं की परीक्षक छोटी हातोडी घेऊन प्रत्येक चाक ठोकून बघतो. आपण बाजारात कलिंगड वाजवून बघतो तसंच, पण इथं पोकळ आवाज आला तर शिक्का मिळत नाही आणि सालीवरचं नाव खरवडून टाकतात. पास झालेल्यावर तापलेल्या लोखंडाचा शिक्का बसतो. या चाकांवर कर्ज देणारी बँकही आहे, क्रेदितो एमिलियानो. ती चाकं तारण घेऊन स्वतःच्या गोदामात पिकत ठेवते. सोनेतारण कळणाऱ्या माझ्या बाबांना अख्ख्या फेरीत हाच भाग सर्वांत आवडला. मे 2012 च्या भूकंपात अशा कोठारांतल्या फळ्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या होत्या. त्या रांगांमध्ये उभं राहून हे ऐकलं की नजर आपोआप वर जाते.

पेस्तुमचा मामला अगदी वेगळा. नापोलीच्या दक्षिणेला, सालेर्नोच्या पुढे, सेले नदीचं सपाट खोरं आहे आणि तिथं म्हशी. कोल्हापूरच्या गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध प्यायलेल्या माणसाला इथं परकं वाटायचं कारण नाही. आई तर गोठ्यापाशीच रमली. फिरत्या ब्रशखाली पाठ घासून घेणारी म्हैस तिनं जन्मात पाहिली नव्हती. 'तेनुता वान्नुलो' हा त्या भागातला नावाजलेला सेंद्रिय गोठा. त्यांचं म्हशीच्या दुधाचं मोझरेला फक्त त्यांच्याच दारात मिळतं, आणि फेरीसाठी आधी नोंदणी करावी लागते. आसपास इतरही गोठे आहेत.

मोझरेलाचं काम लवकर उमगतं. दही आंबून तयार झालं की त्याचे तुकडे करून उकळत्याच्या जवळपास पोचलेलं पाणी ओततात आणि काठीनं ओढत राहतात. पुरणपोळीची सैल कणीक हातातून लोंबते तसं ते लोंबायला लागलं, चमकायला लागलं, की एक जण गोळा धरतो आणि दुसरा अंगठा नि तर्जनीनं तोडतो. इटालियनमध्ये तोडणं म्हणजे 'मोत्झारे', नाव त्यावरूनच पडलं. इथंही काम सकाळीच चालतं, पण पार्माइतकी धास्ती नको. काही चुकलंच तरी म्हशी कुठं जात नाहीत.

आता जेवण. इथं माझं मत स्पष्ट आहे: खाण्यासाठी जात असाल तर पेस्तुम. त्याच दिवशीचं, फ्रीज न बघितलेलं मोझरेला कापलं की दूध पाझरतं आणि पापुद्रे सुटतात. मनगटावरून ओघळ जातो, रुमाल लागतोच. सोबत ब्रेड, टोमॅटो, रिकोटा, वसंतात तिथला आर्टिचोक. नंतर म्हशीच्या दुधाचं आइस्क्रीम. पार्माकडचं जेवण जास्त भारदस्त असतं. 12, 24, 36 महिन्यांचे तुकडे ओळीनं खायचे (जुन्या चीजमध्ये दाताखाली बारीक खडे कुरकुरतात, ते मीठ नव्हे, पिकताना तयार झालेले स्फटिक), मग पालेभाजी आणि रिकोटा भरलेले तोर्तेल्ली, फेसाळती लाल लांब्रुस्को वाइन. पण त्या टेबलावर डुकराचं राज्य आहे. चीजची निवळी डुकरांना, डुकराचं हॅम पार्माचं, असं तिथलं चक्रच आहे. 'तोर्ता फ्रित्ता' नावाची निरागस दिसणारी पुरीसुद्धा बऱ्याचदा चरबीत तळतात.

शाकाहारी मंडळींनी आणखी एक गोष्ट निघण्याआधीच ऐकून ठेवावी. पार्मिजानोला नियमानुसार वासराच्या जठरातलं रेनेटच लागतं. पेस्तुमच्या कांपानिया प्रांताचा शिक्का असलेल्या म्हशीच्या मोझरेलालाही वासराचंच. रिकोटा त्याच निवळीतून निघतो. म्हणजे कडक पाळणाऱ्याला दोन्हीकडे बघण्यापुरतंच. फरक इतकाच की पेस्तुमला दही आणि आइस्क्रीमवर जेवण भागतं, पार्माला ते जड जातं. इतरांनी 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा स्त्रुत्तो' एवढं पाठ करावं: मांस नको, चरबी नको. नोंदणी करतानाच लिहून टाकलेलं बरं. ऐन वेळी सांगितलं की समोर चीजची दुसरी थाळी येते, तीही मोठ्या प्रेमानं.

तिसरा पर्याय म्हणून लोक पिएन्झाचं नाव घेतात. तोस्कानातलं टुमदार गाव, मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो, बाहेर टेकड्यांचं देखणं दृश्य. फ्लोरेन्सला गाडी भाड्यानं घेतलीच असेल तर जरूर जा. केवळ चीजसाठी एवढी वाट वाकडी करावी असं मला वाटलं नाही.

बाकी सगळं तुमच्या वाटेवर आहे. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांचा रस्ता बहुधा मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम असा असतो. पार्मा मिलान-बोलोन्या लोहमार्गावरच आहे, बोलोन्याहून साधारण तासाभरावर. पण डेअऱ्या शहराबाहेर शेतांत आहेत, बसच्या भरवशावर राहू नये, टॅक्सीचा खर्च धरावा. बोलोन्याहून गाडी, चीज, बाल्सामिक व्हिनेगर, हॅम आणि जेवण अशी दिवसभराची सहल घेतली तर माणशी 100 युरोच्या पुढे सहज जातं. सहकारी डेअरीची साधी फेरी त्यापुढे खूपच स्वस्त, फक्त आधी ईमेल करावा लागतो. रोमच्या खाली उतरणारच नसाल तर पेस्तुमचा विचार सोडा. पण नापोली किंवा अमाल्फी ठरलं असेल तर प्रादेशिक रेल्वेनं नापोलीहून सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि पेस्तुम स्टेशनातून चालत गेलं की तीन ग्रीक मंदिरं, अडीच हजार वर्षांची. सकाळी म्हशी, दुपारी जेवण, ऊन उतरल्यावर मंदिरं. लहान मुलं किंवा सत्तरीचे आई-वडील बरोबर असतील तर मी दुसरा विचारच करणार नाही. पार्मात तासभर ओल्या फरशीवर उभं राहावं लागतं आणि बसायला काही नसतं.

एकटे असाल, हातानं काही करायची आवड असेल, तर मात्र पार्मा, आणि सकाळी आठला.

सामानाचंही सांगते. पार्मिजानोचा हवाबंद तुकडा चेक-इन बॅगेत घालून आणला, तो आमच्या फ्रीजमध्ये दिवाळीपर्यंत पुरला. शेवटची साल आईनं आमटीत टाकली. मोझरेलाची पाण्यानं भरलेली पिशवी विमानापर्यंतसुद्धा पोचली नाही. पेस्तुमच्या फलाटावर गाडी वीस मिनिटं उशिरा आहे असं कळलं, बाबांनी पिशवीची गाठ सोडली, आणि नापोली येईपर्यंत तिच्यात फक्त पाणी उरलं होतं.