थोडक्या पैशांतली हातघडणीची सुरी

हातघडणीच्या सुऱ्यांचे कौतुक ऐकून अनेकांना त्या घ्याव्याशा वाटतात आणि किमती पाहिल्यावर बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो. तरीही मोजकीच रक्कम हाताशी असलेल्या माणसाला बरी घडीव सुरी मिळूच शकत नाही, असे नाही. एका लहान कार्यशाळेत घडवलेली, साध्या कार्बन पोलादाची आणि त्या कारागिराच्या मालात सर्वांत कमी किमतीची सुरी मी बऱ्याच काळापासून स्वयंपाकघरात रोज वापरतो आहे. हे परीक्षण तिचे असले, तरी या दर्जाची सुरी पारखायची कशी, हेही तिच्या निमित्ताने ओघाने येईलच.

आधी ही सुरी स्वस्त का आहे ते पाहू. पात्याच्या वरच्या भागावर भट्टीतून निघालेला काळा थर तसाच ठेवलेला आहे, केवळ धारेकडची पट्टी घासून उजळ केलेली आहे. मूठ साध्या लाकडाची असून तिच्यावर तेलाखेरीज काहीही चढवलेले नाही. पाते वरपासून खालपर्यंत घासून चकचकीत करण्यात कारागिराचे तासन्‌तास जातात, ते तास गिऱ्हाइकाच्या खिशातून वसूल होतात आणि त्यांनी कापण्यात तसूभरही भर पडत नाही. जपानच्या तोसा भागातील लोहार कामाच्या सुऱ्या वर्षानुवर्षे अशाच काळ्या ठेवत आले आहेत, आणि तिथल्या सुऱ्या तुलनेने परवडतात त्याचे हेही एक कारण आहे. तेव्हा खरखरीत, काळपट पाते दिसले म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही; कमी पैशांत तेच हवे.

पोलादाच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. या सुरीच्या कारागिराने पोलादाचे नाव विचारण्याआधीच सांगितले होते: १०९५. या अमेरिकन क्रमांकातले पहिले दोन आकडे साधे कार्बन पोलाद दर्शवतात आणि शेवटच्या दोन आकड्यांवरून त्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असल्याचे कळते. ट्रकच्या कमानपाट्यांसाठी वापरले जाणारे ५१६० हे पोलाद सुमारे ०.६० टक्के कार्बनचे, त्यामुळे चिवट, पण पातळ धार त्यामानाने कमी टिकवणारे असते. बेअरिंगच्या ५२१०० मध्ये सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते, आणि ते स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी फार चांगले असते. यांपैकी कोणतेही चालेल. जो विक्रेता नुसतेच ‘उत्तम प्रतीचे पोलाद’ म्हणतो आणि नाव विचारल्यावर विषय बदलतो, त्याच्याकडून काही घेऊ नये. भंगारातल्या कमानपाट्यापासूनही अनुभवी लोहार चांगली सुरी बनवतो हे खरे, मात्र जुन्या पाट्यात न दिसणाऱ्या भेगा असू शकतात आणि त्याचे नेमके घटक कोणालाच ठाऊक नसतात.

नावाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व पाणी देण्याच्या, म्हणजे पाते तापवून आणि थंड करून कठीण करण्याच्या कामाला आहे. साधे कार्बन पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटेनासे होते. लोहार त्यावरून अंदाज घेऊन पाते आणखी थोडे तापवतो, तेलात बुडवून झटकन थंड करतो आणि मग सुमारे २०० अंशांच्या आसपास पुन्हा काही वेळ मंद तापवतो. हा दुसरा टप्पा आळसाने किंवा वीज वाचवण्यासाठी गाळला, तर धार काचेसारखी ठिसूळ राहते आणि हाडावर किंवा कठीण फळीवर आपटताच तिचे कपचे उडतात. खरेदी करणाऱ्याला भट्टी दिसत नाही, पण कानस तर मिळते. धारेच्या मागच्या टोकाजवळ, जिथे ओरखडा पडला तरी बिघडत नाही, तिथे बारीक कानस हलक्या हाताने फिरवावी. चांगल्या पात्यावर ती घसरते किंवा जेमतेम लागते; मऊ पात्यावर ती लाकडात रुतावी तशी रुतते आणि चमकदार कीस निघतो. माझ्या सुरीवर कानस घसरली. विक्रेत्याची हरकत नसेल तरच हे करावे हे उघड आहे, परंतु हरकत घेण्याची त्याची रीतही पुष्कळ काही सांगून जाते.

आता प्रत्यक्ष कापण्याविषयी, आणि इथेच स्वस्त हातघडणीच्या सुऱ्या सर्वाधिक फसतात. पात्याची पाठ दोन-तीन मिलिमीटर जाड असली तरी चालते. खरा प्रश्न धारेच्या लगेच मागे पाते किती जाड आहे हा असतो. पाते पातळ करत नेणे हे कष्टाचे आणि जोखमीचे काम आहे, कारण घासताना पाते तापून निळे पडले की दिलेले पाणी उतरते. म्हणून घाईतला कारागीर धारेमागे एक मिलिमीटरपर्यंत जाडी तशीच सोडून देतो आणि त्यावर बोथट कोनाची धार काढून देतो. अशी सुरी कागद सुरेख कापते आणि गाजरात मात्र पाचरीसारखी अडकून ते तडकवते. विक्रीच्या चित्रफितींत कागदच का कापून दाखवतात, याचे उत्तर बहुधा यातच आहे. माझ्या सुरीची जाडी टोकाकडे उत्तम उतरत जाते, कांदा आणि टोमॅटो ती वजनानेच चिरते; मुठीजवळच्या दोन बोटांच्या भागात मात्र ती जाड राहिली आहे, आणि कडक कंद कापताना ते हाताला स्पष्ट जाणवते. या किमतीत मी ते चालवून घेतले, कारण खरबरीत दगडावर बसून तो भाग हळूहळू पातळ करता येतो. उलट पाते मुळातच वाकडे असेल तर ते घरी सुधारत नाही. यासाठी सुरी डोळ्यांसमोर धरून पाठीच्या रेषेवरून टोकाकडे पाहावे. पाणी देताना पात्याला आलेला पीळ असे पाहताच लक्षात येतो.

आणखी दोन उणिवा नोंदवायला हव्यात. पहिली म्हणजे सुरुवातीची धार अपेक्षेपेक्षा लवकर गेली. दगडावर काही वेळा धार लावल्यावर मात्र ती चांगलीच टिकू लागली. पट्ट्याच्या यंत्रावर शेवटची धार काढताना कडेचा अगदी पातळ थर तापून मऊ पडतो आणि तो झिजून गेला की खालचे निरोगी पोलाद वर येते, असा प्रकार यंत्रावर धार काढलेल्या सुऱ्यांत नेहमी आढळतो. तेव्हा पहिल्या आठवड्यातच सुरीला नावे ठेवू नयेत. दुसरी उणीव मुठीची. पाते आणि लाकूड जिथे मिळतात तिथे नख शिरेल एवढी फट होती. तिच्यात पाणी झिरपले की आत गेलेले पोलाद न दिसता गंजते आणि मूठ एक दिवस हातात सुटून येते. मी ती फट इपॉक्सी गोंदाने बुजवली आणि वरून मेण चोळले. काम पाच मिनिटांचे आहे, पण ते कारागिराने करायला हवे होते.

कार्बन पोलाद गंजते, याची तक्रार करण्यात अर्थ नाही. कांदा, लिंबू यांच्या रसाने पाते आधी करडे आणि मग निळसर काळे होते. तो थर राहू द्यावा, तो तांबड्या गंजापासून बऱ्यापैकी राखण करतो. ओली सुरी मोरीत टाकून जाणाऱ्या घरात मात्र ही सुरी आणू नये. अशा घराला स्टेनलेसच योग्य, पण ते हातघडणीचे आणि स्वस्त असे दोन्ही असेल तर मी साशंक राहीन. स्टेनलेस म्हणजे किमान १०.५ टक्के क्रोमियम. अशा पोलादाला पाणी देण्यासाठी बहुधा हजार अंशांच्या पुढचे आणि नेमके राखलेले तापमान लागते, जे साध्या कोळशाच्या भट्टीत नीट साधत नाही.

हीच शंका स्वस्त ‘दमास्कस’, म्हणजे लहरींसारखी नक्षी असलेल्या पात्यांविषयीही बाळगावी. खरी नक्षी दोन पोलादांचे थर भट्टीत जोडून आणि नंतर आम्लाने उठवून मिळते, त्यामुळे ती पात्याच्या पाठीवरूनही पलीकडे गेलेली दिसते. ती दोन्ही बाजूंना आहे आणि पाठ मात्र कोरी आहे, असे असेल तर बहुधा ती वरून उमटवलेली असते. नक्षी खरी असली तरी आतले पोलाद कोणते हा प्रश्न उरतोच, आणि कमी किमतीत नक्षीवर श्रम खर्च झाले असतील तर ते पाणी देण्यातून किंवा धारेमागच्या पातळपणातूनच कापले गेले असणार.

एकूण रकमेतून धारेच्या दगडाचे पैसे आधीच बाजूला काढावेत. एका बाजूला ४०० (खरबरीत) आणि दुसऱ्या बाजूला १००० (बारीक) क्रमांकाचा जोडदगड पुरतो. प्रत्येक बाजूला साधारण १५ अंशांचा कोन धरून सराव केला की अशा सुरीचे खरे रूप बाहेर येते. दगड घेतल्यावर जे उरते त्यात पोलादाचे नाव सांगणारा कारागीर मिळत नसेल, तर हातघडणीचा हट्ट सोडून फ्रान्सच्या ओपिनेलची किंवा स्वीडनमधल्या मोरा गावची कारखान्यात बनलेली कार्बन पोलादाची सुरी घ्यावी. पाणी देण्यात त्या अनेक महागड्या घडीव पात्यांना मागे टाकतात. जाडीच्या आणि मुठीच्या तक्रारी जमेस धरूनही माझ्या सुरीच्या कारागिराकडून मी याच मालातली लहान, सोलायची सुरी मागवणार आहे. मुठीची फट भरून द्यावी आणि मुठीजवळचे पाते आणखी पातळ करावे, एवढे मागणीतच लिहून.