इमेजमॅजिक वापरून दोन लग्नसराया झाल्या, आता बोलतो

आमच्या जिभाऊंचा पारोळ्यात फोटो स्टुडिओ आहे, मी नाशिकला नोकरीला, आणि एप्रिल-मेमध्ये रात्री साडेअकराला फोन ठरलेला. "काय भो, झोपना का?" असं आलं की समजायचं कुठलं तरी फोल्डर अडलंय.

काम तसं साधं. एका लग्नात हळद, मांडव, लग्न, वरात धरून अडीच हजार फोटो निघतात, कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे एक फोटो ६००० बाय ४००० आणि आठ-नऊ एमबीचा, सगळं मिळून वीस-बावीस जीबी. नवरीच्या बापाला अल्बमसाठी फोटो निवडायचे असतात, ते पण मोबाईलवर, ते पण उद्याच. एवढं अपलोड करायला आमच्याकडच्या नेटला आठवडा लागेल. आधी जिभाऊ फोटोशॉपमध्ये ॲक्शन लावून झोपायचे, सकाळी उठून बघावं तर सातशेव्या फोटोवर कसला तरी डायलॉग येऊन थांबलेला आणि रात्र वाया.

म्हणून दुकानातल्या जुन्या पीसीवर मी विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स, म्हणजे उबंटू टाकलं (आय थ्री, ४ जीबी रॅम, तोच जो कोणी विकतसुद्धा घेत नव्हतं) आणि त्यात इमेजमॅजिक, म्हणजे फोटो लहान करणं, फिरवणं, कापणं हे एकगठ्ठा करणारं सॉफ्टवेअर. पैसे शून्य. पाचपैकी चार स्टार देतो, एक का कापला ते पुढे येईलच.

सॉफ्टवेअर जुनं आहे, १९८७ मध्ये जॉन क्रिस्टी नावाच्या माणसाने ड्यूपॉन्ट कंपनीत असताना सुरू केलं, २५६ रंगांच्या स्क्रीनवर लाखो रंगांची चित्रं दाखवायची होती म्हणून, आणि १९९० ला सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. आम्ही वापरतो त्यात खिडकी नाही, बटण नाही, काळ्या स्क्रीनवर टाईप करायचं. जिभाऊ पहिल्यांदा बघून म्हणे, "हाई काय शे, रेल्वेनं रिझर्वेशन का?"

आता मी कमांड फोनवर सांगतो तशीच इथे लिहितो. मुख्य प्रोग्राम दोन, कन्व्हर्ट आणि मॉग्रिफाय. कन्व्हर्ट एका फाईलची दुसरी फाईल बनवतो. मॉग्रिफाय पूर्ण फोल्डरवर चालतो, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर मूळ फाईलवरच लिहून मोकळा होतो. विचारत नाही, "नक्की का?" नाही, काहीच नाही. माझा कापलेला स्टार तो हाच. पहिल्याच महिन्यात हळदीचे साडेसहाशे फोटो असे १६०० पिक्सेलचे होऊन बसले. मोबाईलवर छान दिसत होते, पण अल्बमचं पान १२ बाय १८ इंचाचं, त्यावर १६०० पिक्सेल ताणले की इंचाला ८९ पिक्सेल पडतात, छापायला ३०० लागतात. कॅमेऱ्याचं कार्ड अजून फॉरमॅट केलेलं नव्हतं म्हणून वाचलो, नाहीतर नवरीच्या काकांनी स्टुडिओच्या शटरवर हळद खेळली असती. तेव्हापासून नियम एकच, आधी एमकेडिरने "लहान" नावाचं फोल्डर करायचं आणि मॉग्रिफायला डॅश पाथ लहान असं सांगायचं, म्हणजे मूळ फोटो जागेवर आणि छोटे वेगळे. फोल्डरचं नाव मराठीत चालतं, हा मला सुखद धक्का होता.

दुसरा किस्सा ग्रेटर दॅनच्या (>) चिन्हाचा. डॅश रिसाइझच्या पुढे १६०० एक्स १६०० लिहिलं की लांब बाजू १६०० होते आणि प्रमाण बिघडत नाही, इथपर्यंत सोपं. पण पाहुण्यांनी व्हॉट्सॲपवरून दिलेले फोटो आधीच लहान असतात, ते उगाच फुगून धुरकट होतात. त्यासाठी आकड्याला चिकटून ग्रेटर दॅनचं चिन्ह लावायचं, म्हणजे फक्त मोठे तेवढेच लहान होतात. मी फोनवर सांगितलं, "ग्रेटर दॅन लावा," आणि अवतरण चिन्हात टाका हे सांगायचं राहिलं. आता शेलला, म्हणजे काळ्या स्क्रीनवर आपली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, त्या चिन्हाचा अर्थ वेगळा कळतो, त्याला वाटतं पुढे जी फाईल आहे तिच्यात आउटपुट ओतायचं आहे, आणि ओतायच्या आधी तो ती फाईल रिकामी करतो. जिभाऊ सावध माणूस, म्हणे आधी एकाच फोटोवर करून बघू. तो एक फोटो झाला शून्य केबी. गंमत म्हणजे डायरेक्ट पूर्ण फोल्डरवर चालवलं असतं तर काही झालं नसतं, फायली खूप असल्या की बॅश (उबंटूचा शेल तो हाच) "ॲम्बिग्युअस रिडायरेक्ट", म्हणजे कुठल्या फाईलमध्ये ओतू ते कळत नाही, म्हणून हात वर करतो. म्हणजे बघा, जपून वागणाऱ्याचाच फोटो गेला. ही चूक इमेजमॅजिकची नाहीच, शेलची पण नाही, फोनवरून कमांड सांगणाऱ्याची आहे, पण नवीन माणसाला हे कोण सांगणार? या सॉफ्टवेअरमध्ये फोटोचं ज्ञान दोन दिवसांत येतं हो, बाकी सगळी डोकेफोड शेलची.

तसंच कॅपिटल अक्षरांचं. कॅमेरा फाईलचं नाव संपवतो मोठ्या जेपीजीवर, आपण सगळे फोटो घे म्हणायला लिहितो स्टार डॉट छोटं जेपीजी, लिनक्सला दोन्ही वेगळे. "फोटोच नई म्हनते भो, डोयासमोर अडीच हजार शेतस!" मग सगळ्या कमांड लिहून ठेवलेली जी फाईल, म्हणजे स्क्रिप्ट, तिच्या वर शॉप्ट डॅश एस नोकेसग्लोब ही एक ओळ टाकली, नावातलं छोटं-मोठं अक्षर सारखंच धरायला लागला, वाद मिटला. व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेल्या फायलींच्या नावात स्पेस असतात, म्हणून स्क्रिप्ट एकेक फोटो घेते तिथे फाईलचं नाव धरणारं व्हेरिएबल डबल कोटमध्येच ठेवायचं, नाहीतर एका नावाचे तुकडे करून एकही सापडत नाही म्हणतो.

आणि आडवे फोटो. कॅमेरा उभा धरला तरी सेन्सर तर आडवाच असतो, फोटो आडवाच साठतो आणि आत एक नोंद ठेवतो की दाखवताना फिरवा. डॅश स्ट्रिपने आतली सगळी नोंद उडते, फाईल हलकी होते, मोबाईलने काढलेल्या फोटोतलं लोकेशन पण जातं ते चांगलंच, पण फिरवायची नोंदही गेली. नवरदेव घोड्यावर आडवा झोपलेला. म्हणून स्ट्रिपच्या आधी डॅश ऑटो डॅश ओरिएंट, तो पिक्सेलच खरे फिरवून घेतो. क्रम महत्त्वाचा आहे, उलटा केला तर उपयोग नाही. क्वालिटी आम्ही ८० ठेवतो. एवढं करून एक फोटो साधारण साडेतीनशे केबीचा होतो आणि पूर्ण लग्न एक जीबीच्या आत. शालूची जर, मेंदीची नक्षी, सगळं नीट दिसतं, लहान करताना तो आपोआप लँक्झोस नावाचा फिल्टर (पिक्सेल कमी करायची पद्धत) वापरतो, त्याला हात लावायची गरज कधी पडली नाही.

वेगाचं मात्र खरं सांगतो, हा घोडा नाही, बैल आहे. आमच्या उबंटूवर सहावी आवृत्ती आहे, ती एका पिक्सेलला ८ बाइट घेते, २४ मेगापिक्सेलला झाले १९२ एमबी, एका फोटोला. मॉग्रिफाय एकेक फोटो घेतो म्हणून निभतं. पण सुरुवातीला मी शहाणपणा करून कन्व्हर्टला स्टार डॉट जेपीजी दिलं होतं, तो आधी सगळे फोटो रॅममध्ये घेतो आणि मग कामाला लागतो, ४ जीबीच्या पीसीचं काय झालं असेल ते सांगायला नको, माउससुद्धा हलेना. साध्या मॉग्रिफायने अडीच हजार फोटोंना सव्वा तास लागायचा. मग डॅश डिफाईन जेपेग कोलन साइझ असा एक इशारा सापडला, त्याने जेपेग (म्हणजे जेपीजीच) फाईल उघडणारा आतला भागच फोटो उघडताना थोडा लहान करून देतो, पूर्ण २४ मेगापिक्सेल उलगडतच नाही. वेळ अर्ध्याच्या खाली आला. एक्सआर्ग्ज नावाच्या कमांडला डॅश मोठा पी ४ लावून चार-चार फोटो एकदम पण चालवले, पण मे महिन्यात पारोळ्याचं तापमान ४४ असतं, तो जुना पंखा असा ओरडतो की जिभाऊंनीच २ वर आणलं.

ज्यांना नुसता वेगच पाहिजे त्यांनी व्हिप्सथंबनेल हा फोटो लहान करणारा दुसरा प्रोग्राम बघावा, तो फोटो तुकड्या-तुकड्याने वाचतो, रॅम नावाला लागते, आमच्याकडे तेच लग्न पंधरा मिनिटांत उरकलं. मग इमेजमॅजिकच का धरून बसलो? कारण कोपऱ्यात स्टुडिओचं नाव टाकणं, पासपोर्ट साइझ कापणं, एकाच पानावर बरेच छोटे फोटो मांडणं (कॉन्टॅक्ट शीट), सगळं एकाच ठिकाणी होतं, आणि जिभाऊंना परत नवीन कमांड पाठ करायला लावायची माझी हिंमत नाही.

लाईटचं राहिलं. आमच्याकडे वादळ सुटलं की लाईट गेलीच समजा. स्क्रिप्टमध्ये मी हुशारीने टाकलं होतं की छोटी फाईल आधीच असेल तर तो फोटो सोड आणि पुढे जा, म्हणजे लाईट आल्यावर पहिल्यापासून नको. झालं काय, लाईट गेली तेव्हा जी फाईल अर्धी लिहून झाली होती ती पण "आधीच आहे" या हिशोबात गेली, आणि नवरीच्या मामांना फोटो गेला तो वर मंगलाष्टका, खाली राखाडी पट्टा. आता स्क्रिप्ट आधी वेगळ्या नावाने लिहिते, पूर्ण झालं की एमव्ही या नाव बदलायच्या कमांडने खरं नाव देते, अर्धी फाईल खऱ्या नावाने कधी दिसतच नाही. या दोन ओळी शिकायला मला एक वादळ लागलं.

जून लागला की लग्नं संपतात आणि फॉर्मवाली पोरं सुरू होतात. बँकेच्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी, आणि सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. याला हे सॉफ्टवेअर मस्त, पण नीट. आकड्यापुढे उद्गारचिन्ह लावलं तर तो बरोबर २०० बाय २३० करतो खरा, पण चेहरा दाबून, एक पोरगी अशी चपट्या गालांची झाली आणि तिची आई दुकानात येऊन बसली. बरोबर पद्धत म्हणजे टोपीचं चिन्ह (^) लावून चौकट भरून घ्यायची, मग ग्रॅव्हिटी सेंटर आणि एक्स्टेंटने जास्तीचं कापायचं. वरच्या मर्यादेसाठी जेपेग कोलन एक्स्टेंट ५० केबी, तो स्वतःच क्वालिटी बदलून बदलून बसवतो. खालच्या मर्यादेचं मात्र त्याला काही घेणं नाही, एवढा छोटा फोटो नेहमीच्या क्वालिटीला बऱ्याचदा २० केबीच्या आतच येतो आणि वेबसाईट म्हणते फोटो लहान आहे. तिथे क्वालिटी १०० करून बघायची. पोरं समोर बसलेली असतात, शेवटची तारीख आज असते, आणि जिभाऊ एका हाताने टाईप करत दुसऱ्या हाताने मला फोन लावतात.

विंडोजवाल्यांना एक इशारा, विंडोजमध्ये कन्व्हर्ट नावाचा त्यांचा स्वतःचा प्रोग्राम आहे, तो डिस्कची फाईल सिस्टिम बदलतो. तिथे सातवी आवृत्ती घ्या आणि मॅजिक (शेवटी के असलेला) हाच शब्द टाईप करा. ज्याला काळी स्क्रीन बघूनच घाम फुटतो त्याने इरफानव्ह्यू हे विंडोजवरचं बटणांचं सॉफ्टवेअर घ्यावं, महिन्यातून पन्नास फोटो असतील तर ते भरपूर झालं, एवढ्यासाठी हे शिकू नका. आमचं गणित अडीच हजारांचं आहे म्हणून जमतं.

पूर्ण कमांड आता जिभाऊंनी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवली आहे, अवतरण चिन्हांना लाल पेनाने गोल. हे लिहीत होतो तोवर मेसेज आलाच, नवरदेवाच्या मित्रांनी आयफोनचे चारशे फोटो दिलेत, "हाई एचईआयसी काय शे भो, उघडत नई." एचईआयसी म्हणजे आयफोनचा फोटो साठवायचा वेगळा प्रकार, त्याला वेगळं प्लगिन लागतं, फोन लावतो.