क्यूएस, टाइम्स की शांघाय? बेळगावकडच्या पोरांनी कुठली यादी उघडावी

एमएसला बाहेर जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'रँक किती?' जगभरच्या विद्यापीठांना क्रमांक देणाऱ्या याद्या मुख्यतः तीन आहेत, क्यूएस, टाइम्स आणि शांघाय, आणि तिन्हींचं माप वेगळं.

क्यूएसमध्ये ४५ टक्के गुण नुसत्या मतांचे: ३० टक्के प्राध्यापकांच्या मतांचे, १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या. ज्याचं नाव आधीच मोठं, त्यालाच मत पडतं. तरी शिकून तिकडेच नोकरी धरायची असेल तर हीच यादी आधी बघावी, तीही विषयवार. एकूण क्रमांक सोडून द्या.

टाइम्सच्या यादीत 'अध्यापन' २९.५ टक्के आहे. वाचायला बरं वाटतं, पण त्यातले १५ पुन्हा मतांचेच. वर्गात जाऊन कुणी बसत नाही. २०२० मध्ये सात जुन्या आयआयटींनी पारदर्शकतेच्या मुद्द्यावर या यादीवर बहिष्कार टाकला. म्हणजे तिथे मुंबई आयआयटी सापडली नाही, तर ती घसरली असं समजू नका.

शांघायची यादी २००३ पासून निघते. मतं विचारत नाही, पण नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकांना मिळून ३० टक्के देते. पीएचडी करणाऱ्याला, विशेषतः विज्ञानातल्या, ती उपयोगी. एमबीएवाल्यानं उघडूही नये.

ब्रिटनचा 'हाय पोटेन्शियल' व्हिसा, म्हणजे निवडक विद्यापीठांच्या पदवीधरांना तिथे नोकरी करू देणारा, मात्र याच तीन याद्यांवरून विद्यापीठं ठरवतो. तिथे क्रमांकाला खरंच किंमत आहे.

इथेच बीई करायचं असेल तर तिन्ही बाजूला ठेवा. त्या विद्यापीठ मोजतात. बेळगावच्या उद्यमबागेतलं कॉलेज व्हीटीयूला, म्हणजे कर्नाटकच्या तांत्रिक विद्यापीठाला संलग्न, आणि व्हीटीयूखाली अशी कितीतरी कॉलेजं; विद्यापीठाच्या आकड्यावरून तुमच्या कॉलेजचं काय कळणार? त्यापेक्षा आपली एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची क्रमवारी बरी, इंजिनिअरिंगची यादी वेगळी असते. माहिती कॉलेजनंच भरलेली असते हे खरं, पण ती कॉलेजच्या वेबसाइटवर टाकावी लागते. त्यात किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार (निम्म्यांना ज्याहून जास्त, निम्म्यांना कमी) किती, एवढंच शोधा. जाहिरातीत झळकतं ते एखाद्याचं सर्वांत मोठं पॅकेज. अभ्यासक्रमाचा दर्जा तपासून दिली जाणारी एनबीए मान्यता ब्रँचनुसार मिळते, तीही विचारा.

आणि एक गोष्ट कुठल्याच यादीत नाही: महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात ८६५ गावांच्या सीमाभागातल्या मराठी भाषकांसाठी वेगळी तरतूद आहे. खानापूर, निपाणीकडच्यांनी रँक शोधण्याआधी मातृभाषेचे आणि रहिवासाचे दाखले जमवायला घ्यावेत.