ग्रीनस्टोन घ्यायचं का डीस्पेस? जुन्या दिवाळी अंकांच्या मेटाडेटापुरतं बोलूया

हा प्रश्न मला वाचनालयवाले सारखा विचारतात. स्कॅनिंग झालेलं असतं, हार्ड डिस्क भरलेली असते आणि मग आता यातलं कुठलं टाकू. दोन्ही स्कॅन केलेल्या पुस्तकांचं डिजिटल वाचनालय उभं करायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत, दोन्ही ओपन सोर्स आहेत, त्यामुळे पैशावरून काही ठरत नाही. माझं मत असंय की ठरवायचं ते मेटाडेटाच्या, म्हणजे नोंदींतल्या माहितीच्या बाजूने, म्हणजे तुमच्या पुस्तकांच्या नोंदीचे रकाने कोण ठरवणार, कुठे साठवणार आणि दोन वर्षांनी बदलायची वेळ आली तर कोणाच्या हातापाया पडावं लागणार, हे बघून.

आधी रकान्यांचं बोलतो, कारण सगळं दुखणं तिथंच आहे. दोन्हीकडे सुरुवातीला डब्लिन कोअर मिळतं, म्हणजे नोंदींच्या रकान्यांचा एक ठरावीक संच. 1995 साली अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावच्या बैठकीतून ते सुरू झालं, त्याचे मुख्य रकाने 15. आता त्यात दिवाळी अंक बसवून बघा. संपादक एक, मुखपृष्ठाचा चित्रकार वेगळा, आतले लेखक तीस-चाळीस, अंक कोणी देणगी दिला ते वेगळंच, आणि सालाच्या जागी कधी कधी नुसतं शके छापलेलं. शके 1871 चा दिवाळी अंक असेल तर 78 मिळवायचे, 1949 येतं, पण त्याच शकातल्या माघाच्या मासिकाला 79 मिळवावे लागतात कारण तोवर जानेवारी लागलेला असतो. एका कामात आम्ही शके सरळ तारखेच्या रकान्यात टाकलं होतं आणि यादी सालाप्रमाणे लावल्यावर 1949 चे अंक एकोणिसाव्या शतकात जाऊन बसले. ते निस्तरायला महिना गेला हो. तेव्हापासून शके, मुखपृष्ठकार, देणगीदार यांचे स्वतःचे वेगळे रकाने करायचे आणि डब्लिन कोअरमध्ये काहीही कोंबायचं नाही, यावर मी ठाम आहे.

मग हे स्वतःचे रकाने कुठे सोपे पडतात?

ग्रीनस्टोन हे न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठाचं, 2000 पासून युनेस्कोच्या मदतीने जगभर गेलेलं. त्याची जी लायब्रेरियन इंटरफेस आहे ती तुमच्याच कॉम्प्युटरवर चालते, सर्व्हरवाला माणूस लागत नाही. त्यात मेटाडेटा सेट, म्हणजे रकान्यांचे संच सांभाळायचं वेगळं बटण आहे, तिथून तयार सेट जोडता येतो, काढता येतो किंवा नवीन बनवता येतो. नवीन म्हटलं की जेम्स नावाचा छोटा एडिटर उघडतो, सेटचं नाव द्या, रकान्यांच्या आधी लागणारी दोन-तीन अक्षरांची खूण द्या, आणि रकाने टाका. प्रत्येक रकान्याला इंग्रजी लेबल आणि मराठी लेबल दोन्ही देता येतात, मला हे फार आवडतं कारण टायपिंगला बसलेल्या ताईंना समोर 'मुखपृष्ठकार' असंच दिसलं पाहिजे. हा सेट एका फाइलीत कलेक्शनच्या फोल्डरमध्येच राहतो, म्हणजे फोल्डर कॉपी केलं की नियमही बरोबर गेले.

आणि याची सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे फोल्डरला दिलेली नोंद आतल्या सगळ्या फाइलींना आपोआप लागते. 1949 नावाचं फोल्डर, त्याला एकदा साल आणि शके दिलं की आतल्या दोनशे फाइलींचं काम झालं. एकट्या माणसाला हे म्हणजे वरदानच.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. एक, फाइलीतून ग्रीनस्टोन स्वतः जो मेटाडेटा उचलतो तो वेगळ्या सेटमध्ये असतो आणि तो तुम्हाला हाताने बदलता येत नाही, वर्डमधून केलेल्या पीडीएफचं शीर्षक 'मायक्रोसॉफ्ट वर्ड' असं सुरू होणारं काहीतरी येतं, तर ते बघून घाबरू नका, डब्लिन कोअरच्या शीर्षकात बरोबर नाव भरा. दुसरं, काहीही बदललं की कलेक्शन परत बिल्ड करावं, म्हणजे नव्याने बांधून घ्यावं लागतं, त्याशिवाय वाचकाला बदल दिसत नाही. मोठ्या कलेक्शनला वेळ लागतो.

डीस्पेसची गोष्ट वेगळी. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटी आणि एचपी लॅब्जने मिळून काढलं, आपल्याकडे शोधगंगा त्यावरच चालते, म्हणजे प्रबंधांच्या एवढ्या मोठ्या साठ्याला ते पुरतंय, दम आहे त्यात. इथे अॅडमिनच्या स्क्रीनवर मेटाडेटा रजिस्ट्री असते, नवीन स्कीमा (रकान्यांचा संच) आणि त्यातले रकाने तिथून पाच मिनिटांत होतात. पण एवढ्यावर थांबलात तर नोंद भरणाऱ्याला फॉर्ममध्ये तो रकाना दिसणारच नाही! त्यासाठी सर्व्हरवरची फॉर्मची एक्सएमएल फाइल बदलायची, त्यावरून शोधता किंवा चाळता यायला हवं असेल तर डिस्कव्हरीची फाइल बदलायची, मग रीस्टार्ट, मग रीइंडेक्स, म्हणजे शोधसूची परत बनवायची. सातव्या आवृत्तीपासून तर समोरचा भाग आणि मागचा भाग दोन वेगळी सॉफ्टवेअर झालीयत, शिवाय पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि सोलर हे शोधायचं सॉफ्टवेअर. हे सांभाळणारा माणूस पगारावर नसेल तर एक रकाना वाढवायला तीन महिने वाट बघाल.

याच्या बदल्यात मिळतं काय, तर एका वेळी पाच-दहा जण वेगवेगळ्या गावांतून नोंदी भरू शकतात, कोणीतरी तपासून मंजूर करू शकतो, आणि सगळा मेटाडेटा सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी तक्त्याची साधी फाइल) काढून दुरुस्त करून परत चढवता येतो. ही शेवटची सोय मराठीसाठी किती मोलाची आहे ते सांगतो. 'कऱ्हाड' हा शब्द घ्या. कोणी नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ टाइप करतं, कोणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर टाकून 'कर्‍हाड' करतं. डोळ्यांना सारखंच, कॉम्प्युटरला दोन वेगळी गावं, आणि प्रकाशनस्थळाच्या यादीत कऱ्हाड दोनदा. तेच 'कुसुमाग्रज', 'वि. वा. शिरवाडकर' आणि 'शिरवाडकर, वि. वा.' यांचं, एक माणूस तीन ओळींत. सीएसव्ही काढली की हे एका बैठकीत फाइंड-रिप्लेसने होतं. फक्त लक्षात ठेवा, सीएसव्हीतून अख्खा कॉलम उडवला तर जुनी मूल्यं तशीच राहतात, पुसायची असतील तर कॉलम ठेवून घरं रिकामी करायची.

अजून एक बारीक गोष्ट, पुढे एकातून दुसऱ्यात जाणार असाल तर. ग्रीनस्टोनमध्ये एक उभी रेघ म्हणजे पोटविषय, 'साहित्य|कविता' असं. डीस्पेसच्या सीएसव्हीत दोन उभ्या रेघा म्हणजे दोन वेगळी मूल्यं. हे न बघता डेटा हलवू नका.

ओमेका एस या तशाच फुकट सॉफ्टवेअरचंही नाव काही जण घेतात. छायाचित्रं, पत्रं, प्रदर्शन असं काही मांडायचं असेल तर छान आहे, टेम्प्लेटमध्ये रकान्याला मराठी नाव देता येतं. हजारो पानांच्या अंकांसाठी मी तिकडे गेलो नसतो.

तर, वाचनालयात तुम्ही एकटे किंवा दोघं, एक बरा कॉम्प्युटर, स्कॅन सालवार फोल्डरमध्ये लावलेले, असं असेल तर डोळे झाकून ग्रीनस्टोन घ्या. कॉलेज असेल, सर्व्हर आहे, सिस्टीमवाला टिकणारा आहे आणि नोंदी वर्षानुवर्षं येतच राहणार असतील तर डीस्पेस. दोन्हीत सॉफ्टवेअर टाकायच्या आधी दहाच अंक घ्या, वेगळ्या दशकांतले, वेगळ्या संपादकांचे, आणि वहीत रकाने आखून त्यांच्या नोंदी हाताने भरा. अकरावा अंक त्याच रकान्यांत बसला की मग इन्स्टॉलला हात लावा.