संहती बिनचूक, बाष्पदाब अर्धवट : द्रावणांची गणिते सोडवणाऱ्या एका ॲपविषयी

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी द्रावणे तयार करणे आणि बारावीच्या मुलांकडून त्याच प्रकरणातील उदाहरणे सोडवून घेणे ही दोन्ही कामे माझ्याकडे असल्यामुळे संहती (द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण) आणि बाष्पदाब (द्रवावरील त्याच्याच वाफेचा दाब) काढून देणारे एक मोफत ॲप मी सत्रभर वापरून पाहिले.

संहतीच्या आकडेमोडीत ते कुठेही चुकले नाही. बाटलीवर 98 टक्के आणि घनता 1.84 असे छापलेल्या सल्फ्युरिक आम्लासाठी मोलॅरिटी (एक लिटर द्रावणातील मोल, म्हणजे कण मोजायच्या एककात पदार्थ किती ते) 18.4 आणि मोलॅलिटी (एक किलो द्रावकातील मोल) 500 ही दोन्ही उत्तरे ते शेजारीशेजारी दाखवते. हजार ग्रॅम आम्लात पाणी अवघे वीस ग्रॅम असते आणि मोलॅलिटी मोजायची ती द्रावकाच्या किलोमागे, हे फळ्यावर कितीही समजावले तरी जेवढे पटत नाही, तेवढे हे दोन आकडे पाहून मुलांना पटले. सौम्यीकरणाच्या पानावर मात्र एक खोड आहे. 12 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लापासून 0.1 मोलर द्रावण एक लिटर करायचे, तर 8.33 मिलिलिटर आम्ल घ्यावे हे उत्तर योग्य, पण पुढे ‘991.67 मिलिलिटर पाणी मिसळा’ अशी सूचना येते. प्रयोगशाळेत पाणी असे मोजून मिसळत नाहीत. फ्लास्कमध्ये आधी थोडे पाणी घेऊन त्यात आम्ल सोडतात आणि मग खुणेपर्यंत पाणी भरतात. इतक्या विरल द्रावणात फरक नगण्य असला, तरी संहत द्रावणांत आकारमानांची अशी बेरीज जुळत नाही.

खरी अडचण बाष्पदाबाची. 25 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा बाष्पदाब 23.76 मिलिमीटर पारा धरून, एक किलो पाण्यात 60 ग्रॅम युरिया विरघळवल्यास ॲप 23.34 हे उत्तर देते आणि ते राऊल्टच्या नियमाप्रमाणे (द्रावकाचा बाष्पदाब त्याच्या मोल-अंशाच्या, म्हणजे एकूण मोलांतील वाट्याच्या, प्रमाणात असतो) बरोबर आहे. मात्र युरियाऐवजी 58.5 ग्रॅम मीठ भरले, तरी उत्तर तेच! दोन्ही पदार्थ एकेक मोल आहेत एवढेच त्याला कळते. मिठाचे पाण्यात दोन आयन होतात, म्हणून व्हॅन्ट हॉफ गुणक (विरघळल्यावर एका घटकाचे किती कण होतात तो आकडा) 2 घेऊन उत्तर सुमारे 22.93 यायला हवे, याचा त्याला पत्ताच नाही आणि गुणक भरायला रकानाही नाही. परीक्षेत नेमक्या याच जागी गुण जातात.

बेन्झीन आणि टोल्युइनच्या समान मोल मिश्रणासाठी ते 61.75 मिलिमीटर आणि बाष्पातील बेन्झीनचा मोल-अंश 0.77 अशी उत्तरे देते. ही जोडी जवळजवळ आदर्श, म्हणजे राऊल्टचा नियम पाळणारी, असल्याने त्यावर विसंबता येते. ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्मचेही उत्तर ते तितक्याच आत्मविश्वासाने देते. वास्तविक या दोघांत हायड्रोजन बंध तयार होत असल्याने समान मोल मिश्रणाचा बाष्पदाब दोन्ही शुद्ध द्रवांपेक्षा खाली जातो, पण इशाऱ्याची एक ओळही पडद्यावर दिसत नाही.

पाचपैकी तीन तारे, तेही संहतीच्या पानासाठी. प्रयोगशाळेतील फोनवर ते मी राहू दिले आहे. मुलांना मात्र क्षारांचे बाष्पदाब वहीतच काढायला लावतो.