१९६९ ची फियाट डिलाईट सांगून टॅक्सीचा सांगाडा गळ्यात मारला, ५,७८,७०० रुपये गेले

जे कोणी सध्या डिलाईट किंवा जुनी पद्मिनी (तीच फियाट, डिलाईटनंतर आलेली) शोधतायत त्यांच्यासाठी लिहितोय. घाईत असाल तर एवढंच वाचा: डिक्कीतली मॅट पूर्ण बाहेर काढल्याशिवाय आणि चॅसिस नंबरच्या (पत्र्यावर ठोकलेला गाडीचा ओळख नंबर) चारी बाजूंचा पत्रा बोट फिरवून बघितल्याशिवाय टोकनचा एक रुपया देऊ नका.

आधी हिशोब. टोकन २५,००० यूपीआयने. ३,२५,००० आरटीजीएस. १,९०,००० रोख. गाडीचे झाले ५,४०,०००. वर गाडी घरी आणायला ट्रकचे ११,५००, ट्रान्सफरच्या कामाला एजंटला १८,००० (काम झालेलंच नाही, पैसे परत देत नाही) आणि ब्रेकच्या कामाचे ९,२००. एकूण ५,७८,७००. हे पैसे मी एका वर्षात जमवलेले नाहीत.

भाव का चढलेत ते जुन्या गाडीवाल्यांना सांगायला नको. एक काळ होता पद्मिनी भंगारवाल्याला किलोवर जायची. मग जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झाली की गाडी व्हिंटेज, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा त्याच्या बातम्या सगळीकडे झाल्या आणि ज्यांच्या घरी कधी फियाट नव्हती तेसुद्धा फियाट शोधायला लागले. यात एक गोष्ट झाली जी माझ्या उशिरा लक्षात आली. १९६९ चं आरसी बुक असलेली डिलाईट आणि १९९५ ची पद्मिनी, दिसायला सख्ख्या बहिणी, जाळी, दिवे, आतलं थोडं फार बदललं की सामान्य माणसाला फरक कळत नाही. पण किमतीत मात्र मोठा फरक. म्हणजे पत्रा स्वस्त झाला आणि कागद महाग झाला. माझ्याबरोबर जे केलं ते सगळं या एका फरकावर उभं आहे.

विकणारा स्वतःला रिस्टोरर म्हणवतो, मुंबईच्या बाहेर हायवेला लागून त्याची शेड आहे. नाव लिहीत नाही कारण वकील नको म्हणाले. माणूस बोलायला एकदम गोड, 'दादा दादा' करून बोलतो आणि माहिती तर अशी की ऐकत राहावं, डुक्कर फियाटपासून (सुरुवातीच्या फियाटचं टोपणनाव) सुरुवात, तिचे पुढचे दरवाजे उलटे कसे उघडायचे, मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाईट, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून कुठलं मॉडेल कधी निघालं सगळं तोंडपाठ. १०८९ सीसीचं इंजिन कसं वाजलं पाहिजे ते चालू करून ऐकवलं. रिस्टोरेशनचे फोटो दाखवले, पत्रा उघडा करून सडलेला भाग कापलेला, नवीन पत्रा जोडलेला, सगळं पायरीपायरीने. ते फोटो खरेच होते पण माझ्या गाडीचे नव्हते. मध्येच बडोद्याच्या कुणाचा तरी फोन आला, तो ५,७५,००० द्यायला तयार आहे म्हणे. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

आणि कृपा करून मला 'न बघता घेतली का' असं विचारू नका, हे ऐकून ऐकून कंटाळलोय. बघितली होती. आरसी बुक खरं होतं, आजही खरंच आहे. चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला, आकड्याला आकडा जुळला. इंजिन नंबर जुळत नव्हता, पण ते त्याने मी विचारायच्या आधी स्वतः सांगितलं, दादा जुनं इंजिन फुटलं होतं, दुसरं बसवलंय, आरसीवर नोंद करून देतो. स्वतःहून एक खोट सांगणाऱ्या माणसावर कुणाचाही विश्वास बसेल. आता कळतंय की ती एक खोट सांगतात ती बाकीच्या झाकायलाच.

आता तो क्षण, जो डोक्यातून जात नाही. मी डिक्की उघडली, नवी कोरी काळी मॅट होती, तिचा एक कोपरा उचलला. खाली पत्र्यावर चार गोल ठिपके दिसले, दोन इकडे दोन तिकडे, बरोबर चौकोनात, वेल्डिंग करून घासून वर रंग मारलेला. उजेड कमी होता तरी स्पष्ट दिसले. मी विचारलं हे काय, तो म्हणाला स्टेपनीचा जुना ब्रॅकेट होता दादा, आणि माझ्या हातातून मॅट घेऊन नीट बसवली. स्टेपनीला असा चौकोनी ब्रॅकेट कशाला लागेल? मुंबईच्या ज्या टॅक्सीत मी कित्येक वर्षं बसलो, त्यातल्या जवळपास प्रत्येकीच्या डिक्कीत सीएनजीची टाकी बघितलीय, बॅग ठेवायला जागा नसायची म्हणून वर कॅरिअरवर टाकायचो, आणि तरी ते चार ठिपके बघून टाकी डोळ्यासमोर आली नाही. खिशात लोहचुंबक घेऊन गेलो होतो (रंगाखाली पत्र्याऐवजी पुट्टी असेल तर ते चिकटत नाही), ते दरवाजाला लावणार तेवढ्यात तो म्हणाला नवीन पेंट आहे, ओरखडा येईल, आणि मी ते परत खिशात ठेवलं. चुंबकावर रुमाल गुंडाळला की ओरखडा येत नाही, आणि जो लावू देत नाही त्याच्याकडून गाडी घ्यायची नाही, बस.

घरी आणल्यावर गाडी ब्रेक मारला की डावीकडे ओढायला लागली म्हणून आमच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी अख्खं आयुष्य फियाटवर काढलंय. ब्रेकचं काम करता करता ते गप्प झाले आणि मग म्हणाले, साहेब, ही कुणी दिली तुम्हाला? दरवाजांखालच्या पट्ट्यांवर बोटाएवढी लांबी, म्हणजे पुट्टी, थापलेली, आत पत्राच नाही. दरवाजाच्या खालच्या कडेला खरवडलं तर क्रीम रंगाखाली करडा प्रायमर आणि त्याखाली काळा. छताचं आतलं कापड एका कोपऱ्यात सोडवलं, आत पिवळा. डाव्या बाजूला काचेच्या पुढे जिथे टॅक्सीचा मीटर बाहेर असायचा तिथली भोकं बुजवलेली. आणि चॅसिस नंबर, ज्याचा मी एवढा विश्वासाने ठसा घेतला, तो नंबर खरा होता पण ती पत्र्याची पट्टी कापून आणून दुसऱ्या गाडीत बसवलेली होती, चारी बाजूंनी वेल्डिंग, वर लांबी, वर रंग. मिस्त्री म्हणाले टॅक्सी भंगारात काढताना नंबरचा तुकडा कापून घेतात, सांगाड्याला तिथे भोक राहतं, त्याच भोकात कुठल्यातरी सडून गेलेल्या डिलाईटची पट्टी बसवली. म्हणून नंबर जुळला. नंबर जुळणं हा पुरावा नाही हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून मी तुम्हाला सांगतोय. बॉनेटखाली नंबरच्या पट्टीभोवती टॉर्च तिरका धरून वेल्डिंग आहे का बघा.

व्हिंटेजचं जे गाजर दाखवतात त्याबद्दलही वाचून जा. 'व्हीए नंबर (व्हिंटेज गाड्यांची खास नंबर मालिका) मिळेल, किंमत दुप्पट होईल' असं मला सांगितलं. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला तिचा जुनाच नंबर ठेवता येतो, व्हीए मालिका नव्या नोंदणीसाठी आहे आणि तिची फी २०,००० आहे. शिवाय चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल केलेली गाडी त्या नियमात बसतच नाही. आणि बसली तरी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, लग्नाच्या भाड्याला लावून पैसे वसूल होतील हे कुणी सांगत असेल तर तिथूनच परत फिरा.

आता पोलिसांबद्दल. आमच्याकडच्या पोलीस ठाण्यात गेलो तर पहिलं वाक्य, 'एवढे पैसे देऊन भंगार घेतलंच कशाला?' तक्रारदाराशी बोलायची ही पद्धत आहे? मग म्हणाले व्यवहार तिकडे झालाय, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी प्रिंट काढून नेली होती, ती बघितलीही नाही. तिकडे गेलो तर तिथले म्हणतात हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. नंबरची पट्टी कापून दुसऱ्या गाडीला जोडली आणि ती विकली, हे सिव्हिल? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) मग कुणासाठी आहे? विकणाऱ्याला त्यांनी फोन केला, माझ्यासमोर, आणि फोनवर त्याच्याशी हसून बोलले. त्यांनी मला विक्रीपत्र दाखवलं, त्यात लिहिलंय 'गाडी जशी आहे तशी पाहून घेतली', खाली माझी सही. किंमत ३,५०,००० लिहिलेली, म्हणजे रोख दिलेले १,९०,००० कागदावर कुठेच नाहीत, वर पोलीस मलाच विचारतात, साहेब रोखीचा पुरावा काय? या व्यवहारात सगळेच कागदावर किंमत कमी दाखवतात, मी काही वेगळं केलं नाही. पण दोन लाख किंवा त्याच्यावर रोख घेतली तर आयकरात अडकतात म्हणून हे लोक बरोबर १,९०,००० वर थांबतात, हे बघून ठेवा. पूर्ण रक्कम बँकेतून द्या, तो नको म्हणाला तर गाडी नको म्हणा.

आरटीओचं तर त्याहून वाईट. रेकॉर्ड जुन्या रजिस्टरमध्ये, ऑनलाईन बॅकलॉग एंट्री (जुन्या नोंदी संगणकावर चढवणं) झालेली नाही, मूळ नोंदणी ज्या कार्यालयात तिथून आणा. मूळ कार्यालयात गेलो तर रजिस्टर सापडत नाही, नंतर या. एका साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, लेखी दिलंत तर चॅसिस नंबरमध्ये छेडछाड म्हणून गाडी जप्त होईल, तुमच्याच नावावर येईल, बघा. म्हणजे ज्याने पट्टी जोडली तो मोकळा आणि ज्याचे पैसे गेले त्याची गाडी जप्त! तक्रार करणारा माणूस घाबरून गप्प बसावा हीच ही व्यवस्था आहे का? ऑनलाईन तक्रार केली, ती 'संबंधित विभागाकडे पाठवली' असं लिहून निकाली म्हणून बंद केली. कशाचा निकाल लागला? अर्ज द्याल तिथे शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका, माझ्या पहिल्या अर्जाची पोच दिली नाही आणि आता असा अर्ज आलाच नाही म्हणतात.

शेवटी मी लेखी दिलं. जप्त करायची तर करा, ती गाडी मी रस्त्यावर आणणार नाहीये आणि दुसऱ्याच्या गळ्यात मारणारही नाहीये. वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवलीय, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करणार आहे, वकिलांनी तयारी केलीय. घरचे म्हणतायत सोड आता, मनस्ताप नको. सोडणार नाही.

कारण त्याची जाहिरात अजून चालू आहे. आता '१९७१ डिलाईट, फुल्ली रिस्टोर्ड' आहे, आकाशी रंग, मागतोय ६,८०,०००, आणि रिस्टोरेशनचे फोटो तेच जे मला दाखवले होते, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा तेच. मुंबईच्या आसपासच्या हायवेवरच्या शेडमधून कुणी गेल्या दोन-तीन वर्षांत डिलाईट घेतली असेल तर आज डिक्कीतली मॅट काढा आणि चार ठिपके आहेत का बघा. असतील तर पुसू नका, घासू नका, दिवसाउजेडी फोटो काढा, चॅसिस नंबरच्या पट्टीचाही काढा आणि मला कळवा. एकट्याची तक्रार सिव्हिल मॅटर म्हणून परत पाठवतात, एकाच शेडमधल्या चार गाड्या समोर उभ्या केल्या तर काय म्हणतात ते बघायचंय.